नाशिकरोडचा एकुलता एक बेडूक

त्या वर्षी जुलैच्या मध्यावर अख्ख्या नाशिकरोडला एकच बेडूक उरला होता, आणि तो आमच्या मोरीत होता. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारण्यासारखं माझ्याकडे पूर्वी काही नव्हतं आणि नंतर तर मुळीच उरलं नाही. फक्त परिस्थिती काय होती ते वाचकाला कळावं एवढ्यासाठी सांगतो.

साल सत्त्याऐंशी. पाऊस नाही. नळाला पाणी नाही. कॉलनीत टँकर आला की सभ्य माणसंही हंडे घेऊन धावायची आणि परत येताना एकमेकांकडे बघायची नाहीत. मी शाळेतून निवृत्त झालो होतो. विज्ञान शिकवायचो. म्हणजे पुस्तकात जे छापलेलं असेल ते फळ्यावर उतरवायचो. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टी तिसऱ्यांना सांगितल्या. आपण स्वतः काही शोधावं असा विचार मनात आला, तर मी तो इतर वाईट विचारांबरोबर बाजूला सारत असे.

बेडूक मला सापडला त्याचं श्रेय जीपच्या पंक्चरला आहे. जूनच्या सुरुवातीला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला सुरगाण्याकडे गेलो होतो. परतीच्या जीपमध्ये किती माणसं होती ते सांगता येणार नाही, कारण काही माणसं बाहेरून लटकलेली होती. घाटातल्या एका वळणावर चाक बसलं. आदल्या दिवशी त्या भागात एकच सर पडून गेली होती. मोसमातली पहिली आणि, नंतर कळलं त्याप्रमाणे, बराच काळ शेवटची. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा मास्तर, येळ लागंल." मी उतरलो, आणि ज्या कामासाठी मध्यमवर्गीय माणूस रस्त्यापासून गरजेपेक्षा जास्तच लांब जातो, त्या कामासाठी झाडीत शिरलो. तिथे एका ओल्या कातळाच्या कपारीत तो बसला होता.

अंगठ्याच्या पेराएवढा. पाठ सागाच्या वाळक्या पानासारखी, मांडीच्या आतल्या बाजूला हळदीचे ठिपके, डोळ्यांभोवती तांब्याचं कडं. आणि त्याचा आवाज! दोन काचेच्या बांगड्या हलकेच एकमेकींना लागाव्यात तसा. मी ज्या कामासाठी आलो होतो ते विसरलो. लग्नात मिळालेल्या बुंदीच्या लाडवांचा डबा हातात होता. लाडू कातळावर ठेवले आणि बेडूक डब्यात घेतला.

घरी आल्यावर चंद्रभागेने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, डबा उघडला. पुढचं मी गाळतो. एवढंच सांगतो की तिला बेडकाचा राग आला नाही, लाडवांचा आला.

माझ्याकडे बेडकांवरचं एक जुनं जाड पुस्तक होतं. त्यातलं प्रत्येक वर्णन मी त्या प्राण्याशी ताडून पाहिलं. कुठे बोटं जुळायची तर मांड्या नाही, मांड्या जुळल्या तर डोळे नाही. शेवटी भीत भीत रंगीत चित्र काढून मुंबईच्या एका प्राध्यापक पेठकरांना पाठवलं. पत्रात आधी माफी मागितली, मग विषय लिहिला, मग पुन्हा माफी मागितली. उत्तर आलं. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की प्राणी प्रथमदर्शनी वेगळा वाटतो, बहुधा शास्त्राला अज्ञात असावा. परंतु चित्रावरून जात ठरत नाही. प्राणी मारून, शुद्ध स्पिरिटमध्ये जतन करून पाठवावा. फॉर्मॅलिनमध्ये घालू नये, अंग ताठरतं. आणि शक्य झाल्यास दुसरा नमुनाही मिळवावा.

ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला. शास्त्राला अज्ञात! माझ्यासारख्या माणसाच्या मोरीत! एखाद्या नियतकालिकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ येणार: अमुक जात, अमुक ठिकाणी, व्ही. निकुंभ यांस मिळाली. मी मेल्यावर कोणी ते वाचेल असं नाही. पण ओळ असेल. मला तेवढी ओळ हवी होती. दुसरं काही त्या वयात मला हवं होतं असं आठवत नाही.

"आणि नाव कोण ठेवणार त्याचं?" चंद्रभागेने विचारलं.

"शोधणाऱ्याला सुचवता येतं. बायकोमुलांची नावंसुद्धा देतात लोक."

"माझं नाव द्याल हो बेडकाला! तेवढंच राहिलंय," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली.  मी नेमकं तेच ठरवलं होतं.

पहिली अडचण खाण्याची. बेडकाला जिवंत माशा लागत. संध्याकाळी मी चौकातल्या मिठाईच्या दुकानाबाहेर काचेची बाटली घेऊन उभा राहू लागलो. निवृत्त माणूस माशा मारतो असं लोक म्हणतातच. मी त्या मारतही नव्हतो, नुसत्या धरत होतो, त्यामुळे माझी किंमत आणखी उतरली. माझे जुने विद्यार्थी रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. मिठाईवाल्याने एकदा हात जोडून सांगितलं, "सर, तुम्ही इथे उभे राहिल्यावर गिऱ्हाइकाला माशा दिसतात. आधी दिसत नव्हत्या."

दुसरी अडचण मारण्याची. शाळेत बेडूक कापायचे तेव्हा ते मारून आणायचं काम शिपाई करायचा. मी टेबलावर आल्यापुढचं बघायचो. आता शिपाई नव्हता. त्यात चातुर्मास लागला. चंद्रभागेने स्वच्छ सांगितलं, "कार्तिकापर्यंत माझ्या घरात जीव मारायचा नाही. नंतरही मारायचा असेल तर मला माहेरी पोचवा आणि मग मारा."

मी सल्ल्यासाठी खालच्या मजल्यावरच्या सावळीराम गांगुर्डेकडे गेलो. सावळीराम एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला. वाचन दांडगं, देवाधर्माचं थोतांड खपवून न घेणारा, कॉलनीत विज्ञानाच्या बाजूने भांडणारा एकमेव माणूस. हा तरी माझ्या बाजूने उभा राहील असं वाटलं.

"सर, शोध लावला ही लय मोठी गोष्ट," तो म्हणाला. "तुमचा सत्कार करू आपण. विहारात करू. पण मारायचं मात्र मला विचारू नका. पंचशीलातलं पहिलंच शील आहे, प्राणिहत्या करायची नाही."

"अरे पण विज्ञानासाठी..."

"विज्ञानासाठी तुम्ही मारा ना. मी टाळ्या वाजवीन."

अशा रीतीने आमच्या कॉलनीतले आस्तिक आणि नास्तिक प्रथमच एका मुद्द्यावर एक झाले.

तिसरी अडचण स्पिरिटची. शुद्ध स्पिरिट घ्यायला परवाना लागतो. परवाना देणाऱ्या कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो. कारकुनाने अर्ज वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कशासाठी लागतं, आजोबा?"

"बेडकासाठी."

"बेडूक घेतो?"

"घेत नाही. त्याला त्यात ठेवायचंय."

"जिवंत?"

"नाही. मेल्यावर."

"मग मरू द्या ना आधी. घाई काय आहे?" मागच्या बाकावरचे लोक हसले. ते खऱ्या, म्हणजे दारूच्या, परवान्यासाठी आलेले होते, आजारपणाची प्रमाणपत्रं घेऊन. त्यांच्यात मीच काय तो संशयित दिसत होतो. कारकून पुढे म्हणाला, "बेडूक नवीन जातीचा आहे असं अधिकृत पत्र आणा. मग बघू."

मी प्राध्यापक पेठकरांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की प्राणी स्पिरिटमध्ये हाती आल्याशिवाय असं पत्र देता येणार नाही. मी दोन्ही कागद कारकुनासमोर शेजारी शेजारी ठेवले. त्याने ते काळजीपूर्वक वाचले आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आमचंही बरोबर आहे."

कॉलनीत मात्र बातमी वेगळ्या रूपात पोचली. निकुंभ सर परमिट काढतायत. म्हातारपणी. बेडकाचं निमित्त करून. शेजारच्या नवसाबाईंनी चंद्रभागेला धीर दिला, "होतं गं असं रिटायर झाल्यावर. आमच्या ह्यांनी तर निमित्तसुद्धा केलं नव्हतं."

इतकं झाल्यावर मी सगळं सोडून द्यायला हवं होतं. पण रोज सकाळी मोरीतून ती बांगड्यांची किणकिण यायची. मी चहाचा कप घेऊन त्याच्या बरणीपुढे पाटावर बसायचो. तो डोळे मिटायचा आणि उघडायचा. मी त्याला मारणार होतो आणि अमर करणार होतो, आणि यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. मला वाटतं माझ्या आयुष्यात माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नसेल. अर्थात त्याला जाता येत नव्हतं, हेही खरं.

जुलै अर्धा उलटला आणि नवसाबाई चार बायकांना घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, धोंडी काढायचीय."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस लांबला की आमच्याकडे बेडकाला कडुलिंबाच्या पाल्यात ठेवून दारोदार मिरवतात, गाणी म्हणतात, आणि प्रत्येक घर त्याच्यावर तांब्याभर पाणी ओततं. म्हणजे पाऊस येतो. गावाकडे हे मी लहानपणी पाहिलं होतं. पण नाशिकरोडच्या फ्लॅटमधल्या बायका धोंडी काढतील असं वाटलं नव्हतं. टँकरने माणसाला बरंच मागे नेलं होतं.

"काढा की," मी म्हणालो.

"बेडूक कुठाय? पोरांनी वालदेवी नदीचं पात्र पालथं घातलं, एक सापडत नाही. सगळे जमिनीत गेलेत. एकटा तुमच्याकडे आहे."

मी नाही म्हणणार होतो. तसं वाक्यही मनात तयार केलं होतं: हा प्राणी शास्त्राची ठेव आहे. पण पाच बायका दारात उभ्या आणि पाठीमागे सहावी माझी स्वतःची, अशा वेळी हे वाक्य तोंडातून निघत नाही. मी म्हणालो, "बरणीचं झाकण मात्र उघडायचं नाही."

धोंडी निघाली. चंद्रभागेच्या डोक्यावर पाट, पाटावर कडुलिंबाचा पाला, पाल्यात माझी लोणच्याची बरणी, बरणीला हळदकुंकू. मागून मी, हातात ओला रुमाल, उन्हाने काच तापली की पुसायला. प्रत्येक दारात बायका झाकणाच्या जाळीवरून पाणी ओतत होत्या, आणि बेडूक पोहता येत नसल्यासारखा काचेला चिकटून वर वर सरकत होता. मी पुढे होऊन बरणी कलती करून पाणी काढून टाकायचो. लोकांना वाटलं हा विधीचाच भाग आहे. एका म्हातारीने माझ्याही पायावर पाणी घातलं.

सावळीराम फाटकात उभा होता. "सर, तुम्ही? विज्ञानाचे शिक्षक? तुमच्या शास्त्रीय बेडकाची यांनी अंधश्रद्धा केली आणि तुम्ही रुमाल धरलाय?"

"मला नाही म्हणता आलं नाही रे."

"हेच तर आपल्या देशाचं झालंय," तो म्हणाला. तेवढ्यात त्याची आई भिमाबाई तांब्या घेऊन बाहेर आली आणि बरणीवर ओतून मोकळी झाली. सावळीरामने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "देवाला नाही घातलं बाबा. बेडकाला घातलं. त्याला उकडत असंल."

त्यानंतर सावळीरामनेच माझ्या परवान्याचं मनावर घेतलं. बहुधा तो बेडूक लवकरात लवकर विज्ञानाच्या ताब्यात जावा अशी त्याची इच्छा असावी. त्याचा एक ओळखीचा त्या कचेरीत होता. मला बोलावणं आलं. परवान्यावर एक अट होती: स्पिरिट सांगितल्या कामालाच वापरलं की नाही हे अधिकारी घरी येऊन पाहतील. मी आनंदाने सही केली. बाटली घेऊन बाहेर पडलो आणि पहिला थेंब चष्म्यावर पडला.

बसस्टॉपवर लोक नाचत होते. मी बाटली सदऱ्याच्या आत धरून भिजत दीड तासाने घरी आलो. जिन्यावर नवसाबाई पेढे वाटत होत्या. सावळीराम वरच्या पायरीवर उभा राहून जो भेटेल त्याला सांगत होता, "अहो, काल रेडिओवर सांगितलंच होतं येणार म्हणून!" त्याच्याही हातात पेढा होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर लोणच्याची बरणी घासून, पुसून पालथी घातलेली होती.

"अहो," चंद्रभागा पदराने केस पुसत म्हणाली, तिचा चेहरा इतका उजळला होता की मला वर्षानुवर्षं तसा पाहिल्याचं आठवत नाही, "सोडलं त्याला. वालदेवीत. नवसाबाईंनी शब्द दिला होता, पाऊस आला तर त्याला मोकळं करू. कशी टुणकन उडी मारली त्याने! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

माझ्या सदऱ्यातली बाटली तिला दिसली. मग माझा चेहरा दिसला.  मला रागावता येत नाही. रागवायला आपण बरोबर आहोत याची खात्री लागते. मी छत्री घेतली आणि वालदेवीवर गेलो. थोड्या वेळाने सावळीरामही बॅटरी घेऊन मागून आला. पात्रात गढूळ पाणी चढत होतं आणि जमिनीतून बाहेर आलेले शेकडो बेडूक दोन्ही काठांवरून ओरडत होते. सगळे साधे. सगळे पिवळे, ढब्बे, आनंदी. त्या गोंगाटात बांगड्यांचा आवाज ऐकायचा म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये कुणाचा उसासा ऐकण्यासारखं होतं.

"सापडेल सर. जाऊन जाऊन कुठं जाईल?" सावळीराम म्हणाला.

तो झाडीतला बेडूक होता. वाहत्या पाण्यातला नव्हता. हे मी त्याला सांगितलं नाही. चंद्रभागेलाही आजवर सांगितलेलं नाही.

पाऊस जरा स्थिरावल्यावर मी पुन्हा सुरगाण्याच्या जीपमध्ये बसलो. एक होता म्हणजे आणखी असणारच. जात काही एकट्याची नसते. वळण जवळ आल्यावर ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

"कोणतं वळन, मास्तर? ते नाय आता."

खरंच नव्हतं. दुष्काळात लोकांना काम हवं म्हणून सरकारने रस्ता रुंद करायला काढला होता. कातळ सुरुंगाने उडवून त्याची खडी केली होती आणि झाडी तोडून बाजूला रचली होती. बाया टोपल्यांनी खडी वाहत होत्या. कुणावर रागवावं? त्या वर्षी त्या डोंगरातल्या चुली त्या खडीवर पेटल्या. मी उतरून थोडा वेळ ओल्या ढिगाऱ्यापाशी कान देऊन उभा राहिलो. एका बाईने विचारलं, "काय हरवलं का, बाबा?" मी म्हणालो, "नाही, नाही. असंच."

प्राध्यापक पेठकरांना सगळं कळवलं. त्यांनी सहानुभूतीचं पत्र पाठवलं. शेवटी लिहिलं होतं: नमुना नसल्यास, शास्त्राच्या दृष्टीने, असा प्राणी नाही.

घरात बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. पण चंद्रभागा बाजारातून येताना गटाराच्या कडेने चालू लागली. मी खिडकीतून पाहायचो. पिशवी खाली ठेवून ती वाकायची, काहीतरी निरखायची, आणि मान हलवून पुढे निघायची. एकदा तिने विचारलं, "त्याच्या मांडीवर ठिपके होते ना हो? हळदीसारखे?" मी हो म्हणालो. 

आणि मग एका दुपारी, चंद्रभागा हळदीकुंकवाला गेली असताना, तो अधिकारी आला. तरुण, घामेजलेला, बगलेत रजिस्टर. "निकुंभ? स्पिरिट दाखवा."

मी भरलेली बाटली दाखवली.

"बेडूक?"

"तो... गेला."

"गेला म्हणजे? वारला?"

"नदीत सोडला."

त्याने बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, माल पडून आहे आणि बेडूक नाही. मी काय लिहू? असं लिहिलं तर तुम्हालाच कचेरीत यायला लागेल. त्या बाकावर."  मग तो जरा मऊ झाला. "बेडूक असता तर प्रश्न नव्हता. एक बेडूक. कुठलाही. पाणी मिळेल का प्यायला?"

मी त्याला पाणी दिलं आणि मागच्या जिन्याने खाली उतरलो. गटाराच्या कडेला एक बसलाच होता. साधा, लहानसा, नाशिकमध्ये कुठल्याही पावसाळ्यात दिसेल असा. मी त्याला धरला. ज्यासाठी चातुर्मास, पंचशील आणि माझं स्वतःचं काळीज आडवं आलं होतं, ते काम मी मोरीत, नळ सोडून, पाहुण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत उरकलं. शास्त्रासाठी मला जे जमलं नव्हतं ते एका रजिस्टरसाठी जमलं.

अधिकाऱ्याने स्पिरिट भरलेल्या बरणीत डोकावून पाहिलं. "एवढ्यासाठी एवढं? असले आमच्या अंगणात येतात." त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: बेडूक, नग एक. मी सही केली. त्या प्रकरणात कुठेही छापली-लिहिली गेलेली ओळ म्हणायची तर ती एवढीच.

तो जिना उतरत असतानाच चंद्रभागा वर आली. टेबलावरची बरणी तिला दारातूनच दिसली. ती चपलाही न काढता आत आली, बरणीशी वाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं.

"सापडला का हो?" तिने विचारलं. मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "मला रोज वाटायचं, मी तुमचं वाटोळं केलं."

"सापडला," मी म्हणालो.

"मारलात ना पण शेवटी," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "असू दे. तुमचं काम तर झालं." आणि गॅलरीत जाऊन तिने खाली हाक मारली, "सावळीरामभाऊ! अहो, वर या! ह्यांचा बेडूक सापडला!"

सावळीराम धावत आला. ज्याने बॅटरीच्या उजेडात माझ्याबरोबर प्रत्येक बेडकाची मांडी तपासली होती, त्याला फसवणं शक्य नव्हतं. तो बरणीसमोर वाकला. त्याने बेडूक पाहिला. मग मला पाहिलं. मग आमच्यामध्ये उभ्या असलेल्या चंद्रभागेला पाहिलं. आयुष्यात कुणाचं खोटं ऐकून न घेतलेला तो माणूस सावकाश ताठ झाला.

"हाच तो, वहिनी," तो म्हणाला. "डोळ्यांवरून ओळखला."

चंद्रभागा चहा टाकायला आत गेली. चहा येऊन संपेपर्यंत आम्ही दोघे पावसाबद्दल बोलत राहिलो, आणि बरणीकडे दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.